निवृत्तीनंतर गोल्फ कोर्सशेजारी घर घ्यायचंय? आधी कोर्स कुणाच्या मालकीचा आहे ते विचारा

सत्तर-ऐंशीच्या दशकात शिक्षणासाठी, नोकरीसाठी अमेरिकेला गेलेली मराठी मंडळी आता निवृत्त होऊन बसली आहेत. प्रत्येकाच्या नात्यात असा एखादा काका, एखादी मावशी किंवा बाबांचा कॉलेजमधला मित्र असतोच. न्यू जर्सी नाहीतर शिकागोच्या बर्फाला कंटाळून त्यातले काही जण फ्लोरिडा, ॲरिझोनाकडे सरकतात आणि व्हिडिओ कॉलवर कॅमेरा फिरवून दाखवतात, "हे बघ, मागचं दार उघडलं की गोल्फ कोर्स."

बघायला झकासच वाटतं. पण असं घर घेताना माणूस एकाच सहीत तीन गोष्टी घेत असतो. एक घर, दुसरं क्लबचं सभासदत्व आणि तिसरी एक भलीमोठी सोसायटी. घर सगळेच नीट बघतात. उरलेल्या दोन गोष्टींची कागदपत्रं मात्र बरेच जण राहायला गेल्यावर वाचतात. आणि पुढची वीस वर्षं सुखाची जाणार की कटकटीची, हे त्या कागदांवरच ठरतं.

तर अशी वसाहत निवडताना नेमकं काय बघायचं, ते एकेक करून समजून घेऊ.

ही कल्पना आली कुठून?

फक्त वयस्कर लोकांसाठी वसाहत असावी हा प्रयोग ॲरिझोनातल्या यंगटाउनमध्ये १९५४ साली सुरू झाला. त्याला खरं रूप दिलं डेल वेब नावाच्या बिल्डरने. १ जानेवारी १९६० रोजी त्याने फिनिक्स शहराजवळ 'सन सिटी' खुली केली. नमुन्याची पाच घरं, एक शॉपिंग सेंटर, एक करमणूक केंद्र आणि एक गोल्फ कोर्स एवढंच तिथं तयार होतं. पण पहिल्या दोन-तीन दिवसांतच बघ्यांची संख्या लाखाच्या घरात गेल्याचं सांगितलं जातं. दोनच वर्षांनी डेल वेब 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला.

त्याने विकलं होतं ते फक्त घर नव्हतं. निवृत्ती म्हणजे खुर्चीत बसून दिवस मोजणं नाही, तर खेळायची सुट्टी आहे, ही कल्पना त्याने विकली. गोल्फ कोर्स हे त्या सुट्टीचं चित्र होतं.

आज या प्रकारातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे फ्लोरिडातलं 'द व्हिलेजेस'. तिथं पन्नासहून जास्त गोल्फ कोर्स आहेत आणि लोक किराणा आणायलाही गोल्फ कार्टने जातात. २०१० ते २०२० या दहा वर्षांत अमेरिकेत सगळ्यात वेगाने वाढलेला महानगर विभाग हाच होता. जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ३९ टक्क्यांनी वाढली.

'५५ प्लस' म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत लहान मुलं आहेत म्हणून कुणाला घर नाकारणं हा कायद्याने भेदभाव ठरतो. ज्येष्ठांच्या वसाहतींना यातून सूट आहे, पण अटीवर. १९९५ च्या कायद्यानुसार वसाहतीतल्या वापरात असलेल्या किमान ८० टक्के घरांमध्ये ५५ किंवा त्याहून जास्त वयाची एक तरी व्यक्ती राहत असली पाहिजे. दुसरा प्रकार ६२ वर्षांचा. त्यात तर राहणारा प्रत्येक जण ६२ च्या वरचा लागतो.

आपल्या लोकांसाठी यात दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रश्न, नवरा-बायकोच्या वयात अंतर असेल आणि ५५ च्या वरची व्यक्ती आधी गेली, तर मागे राहिलेल्या जोडीदाराला त्या घरात राहता येईल का? बऱ्याच ठिकाणी येतं. पण हे तोंडी ऐकून सोडायचं नाही, नियमावलीत लिहिलेलं वाचायचं.

दुसरा प्रश्न नातवंडांचा. ती सुट्टीत येऊन राहू शकतात, पण दिवसांना मर्यादा असते. द व्हिलेजेसमध्ये १९ वर्षांखालच्या पाहुण्याला वर्षाला ३० दिवस राहता येतं. मुलगा-सून दोघंही नोकरी करतात, म्हणून नातवाला वर्षभर आजी-आजोबांकडे ठेवू, असा बेत असेल तर ही वसाहत तुमच्यासाठी नाही.

सगळ्यात मोठा प्रश्न: कोर्स कुणाचा?

खिडकीतून दिसणारी हिरवळ तुमची नसते. ती कुणाची आहे यावर तिचं भविष्य ठरतं. साधारण चार प्रकार दिसतात.

१. रहिवाशांच्या संस्थेचा. सन सिटीत करमणूक केंद्रं आणि आठ गोल्फ कोर्स रहिवाशांची ना-नफा संस्था चालवते. संचालक रहिवासीच निवडून देतात. इथं कोर्स विकायचा झाला तरी निर्णय तुमच्याच लोकांच्या हातात असतो. मात्र तोटा झाला तर तोही सगळ्यांच्याच खिशातून जातो, गोल्फ न खेळणाऱ्याच्यासुद्धा.

२. विकासकाचा. नवीन प्रकल्पात सुरुवातीला सगळं बिल्डरच्याच ताब्यात असतं. घरं विकायची असतात तोवर कोर्स अगदी लखलखीत ठेवला जातो. शेवटचं घर विकल्यावर तो कुणाकडे जाणार आणि कोणत्या किमतीला, हे आधीच विचारून घ्यायचं.

३. सभासदांच्या क्लबचा. इथं प्रवेश फी भरून तुम्ही क्लबचे भागीदार होता. फी मोठी असते आणि ती परत मिळणार का, किती आणि कधी, हे करारात असतं. अनेक क्लबांत नवे सभासद आल्याशिवाय जुन्याचे पैसे सुटत नाहीत.

४. बाहेरच्या कंपनीचा. कोर्स एका खाजगी मालकाचा आणि आजूबाजूची घरं वेगवेगळ्या लोकांची. सगळ्यात जास्त जपायचं ते इथं.

कोर्स बंद पडला तर?

ही नुसती भीती नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेत गोल्फ कोर्सचं पीक आलं होतं. त्यातले कित्येक कोर्स खेळासाठी नव्हे, तर आजूबाजूचे प्लॉट चढ्या भावाने विकण्यासाठी बांधलेले होते. पुढे खेळाडू कमी पडले, पाणी आणि मजुरी महागली आणि २००६ पासून बरीच वर्षं नवीन उघडणाऱ्या कोर्सपेक्षा बंद होणारे जास्त, अशी परिस्थिती राहिली.

फिनिक्सच्या अहवातुकी भागातलं उदाहरण बघा. तिथला अहवातुकी लेक्स हा १८ होलचा कोर्स मालकाने २०१३ मध्ये बंद केला. तळी आटली, गवत वाळलं आणि त्या जागेवर घरं बांधायच्या योजना पुढे आल्या. रहिवासी कोर्टात गेले. त्यांच्या हातात एकच हुकमी पान होतं. ही जमीन गोल्फ कोर्ससाठीच वापरायची, अशी अट त्या जमिनीच्या नोंदणीकृत कागदांत होती. कोर्टाने रहिवाशांच्या बाजूने कौल दिला. पण त्यासाठी वर्षानुवर्षं खटला चालला आणि तोवर लोकांच्या खिडकीतून दिसत होतं ते माळरान.

इथून घ्यायचा धडा सोपा आहे. 'गोल्फ व्ह्यू' हा जाहिरातीतला शब्द आहे. 'ही जमीन गोल्फ कोर्सच राहील' ही कागदावरची अट आहे. दुसरी नसेल तर पहिल्याला काही किंमत नाही. ही अट कुठं लिहिली आहे, ती कधी संपते आणि किती मतांनी बदलता येते, हे घर घेण्याआधी वकिलाकडून तपासून घ्यायचं.

'फ्री गोल्फ' किती फ्री असतं?

द व्हिलेजेसची जाहिरात 'आयुष्यभर मोफत गोल्फ' अशी असते. त्यात खोटं काही नाही, पण पूर्ण वाक्य थोडं लांब आहे. तिथल्या छोट्या, म्हणजे 'एक्झिक्युटिव्ह' कोर्सवर पायी खेळायचे वेगळे पैसे पडत नाहीत, कारण ते दरमहाच्या सुविधा शुल्कात धरलेले असतात. हे शुल्क महिन्याला साधारण २०० डॉलरच्या आसपास आहे आणि तुम्ही वर्षात एकदाही खेळला नाहीत तरी द्यावंच लागतं. मोठ्या 'चॅम्पियनशिप' कोर्सवर खेळायचं तर पैसे वेगळे.

म्हणून घराची किंमत बाजूला ठेवून महिन्याचा खर्च मांडून बघा:

- सोसायटीचा मेंटेनन्स. तिथं सोसायटीला एचओए म्हणतात.
- सुविधा किंवा करमणूक केंद्राचं शुल्क.
- गोल्फचं सभासदत्व, किंवा दर फेरीचे पैसे.
- कार्ट: स्वतःची असेल तर ती चालवायची फी, भाड्याची असेल तर भाडं.
- क्लबच्या रेस्टॉरंटमध्ये दरवर्षी ठरावीक रक्कम खर्च करायची सक्ती. अनेक खाजगी क्लबांत ती असते.
- मालमत्ता कर आणि विमा. फ्लोरिडात चक्रीवादळांमुळे विम्याचा आकडा आधी विचारायचा, घर नंतर बघायचं.

फ्लोरिडातल्या नव्या वसाहतींत आणखी एक गोष्ट असते. तिला सीडीडी म्हणतात. रस्ते, पाणी, गटारं बांधायला काढलेलं कर्ज तिथल्या घरांवर वाटलेलं असतं आणि मालमत्ता कराच्या बिलातून वर्षानुवर्षं फेडावं लागतं. म्हणजे दोन घरांची किंमत सारखी दिसली तरी एकावर हे कर्ज बाकी असतं आणि दुसऱ्यावर फिटलेलं असतं.

दक्षिण-पश्चिम फ्लोरिडात, नेपल्सच्या बाजूला, 'बंडल्ड' नावाचा प्रकार चालतो. घराबरोबर सभासदत्व आपोआप मिळतं. रोज खेळणाऱ्याला हे स्वस्त पडतं. पण सक्तीचं सभासदत्व असेल तर घर विकताना अडचण येऊ शकते, कारण गोल्फ न खेळणारा गिऱ्हाईक त्या फीकडे बघून माघारी फिरतो.

रोज खेळायला मिळेल का?

कोर्स आहे म्हणजे खेळायला मिळतं असं नाही. खेळायची वेळ, म्हणजे 'टी टाइम', मिळवावी लागते. जानेवारी ते मार्च या काळात उत्तरेकडचे थंडीला कंटाळलेले लोक फ्लोरिडा-ॲरिझोनात उतरतात आणि सकाळच्या वेळांसाठी झुंबड उडते. 'फेब्रुवारीत सकाळी नऊच्या आतली वेळ आठवड्यातून किती वेळा मिळते?' हा प्रश्न विक्री कार्यालयात विचारू नका. तो क्लबहाउसच्या कट्ट्यावर बसलेल्या रहिवाशांना विचारा.

हवामानाचाही हिशोब आहे. ॲरिझोनात उन्हाळा कडक. २०२३ मध्ये फिनिक्सचं तापमान सलग ३१ दिवस ४३ अंश सेल्सिअसवर गेलं होतं. त्या दिवसांत लोक पहाटे खेळून घरी परततात. शिवाय तिथलं उन्हाळी गवत हिवाळ्यात सुप्त होऊन पिवळं पडतं, म्हणून शरद ऋतूत त्यावर हिवाळी गवताची पेरणी करतात आणि तेवढे आठवडे कोर्स बंद असतो. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी विजांचा पाऊस ठरलेला. ज्यांना ऋतू बदललेले आवडतात त्यांच्यासाठी नॉर्थ आणि साउथ कॅरोलिना आहे. नॉर्थ कॅरोलिनातलं पाइनहर्स्ट हे तर गोल्फचं जुनं माहेरघर. मात्र थंडीतले काही दिवस तिथं सोडावे लागतात.

कोर्स किती अवघड हेही बघायचं. प्रत्येक कोर्सला 'स्लोप रेटिंग' असतं. ते ५५ ते १५५ च्या मध्ये असतं आणि ११३ हा मधला आकडा मानतात. आकडा जितका मोठा, तितका तो कोर्स सामान्य खेळाडूला जास्त छळतो. पासष्टीत १३५ चा कोर्स आव्हान वाटेल, पंचाहत्तरीत तोच डोकेदुखी होईल. त्यामुळे पुढचे, म्हणजे कमी अंतराचे टी आहेत का, ९ होल खेळून थांबता येतं का, छोटा कोर्स आहे का, हे आत्ताच बघून ठेवा. १८ होल पायी खेळलं की सात-आठ किलोमीटर चाल होते. आज हे सुख वाटतं, पण गुडघ्यांचंही मत विचारात घ्या.

फेअरवेला लागून घर: नजारा आणि काचा

बहुतेक लोक उजव्या हाताने खेळतात आणि नवशिक्यांचा चेंडू सहसा उजवीकडे वळतो. म्हणून टीपासून दीडशे-दोनशे यार्डांवर, उजव्या बाजूला असलेल्या घरांवर चेंडूंचा मारा जास्त. खरेदीच्या कागदांत 'कोर्सवरून येणारे चेंडू मान्य आहेत' अशा अर्थाचं कलम असू शकतं. तसं असेल तर फुटलेली काच तुमचीच. शिवाय गवत कापायची यंत्रं पहाट फुटायच्या आधी सुरू होतात.

टीच्या मागचं घर किंवा ग्रीनपासून थोडं लांबचं घर यापेक्षा शांत असतं. घर आवडलं की शनिवारी सकाळी त्याच्या मागच्या अंगणात तासभर बसून बघा. किती चेंडू येतात ते कळेल.

गोल्फ सुटेल तेव्हा काय?

हा प्रश्न कुणाला नको असतो, पण खरी निवड इथंच होते. पासष्टीला घर घेणारा माणूस कदाचित पंधरा वर्षं खेळेल. त्या घरात तो वीस-पंचवीस वर्षं राहणार असतो.

सगळ्यात आधी गाडी. अमेरिकेत गाडी चालवणं थांबलं की माणूस घरात अडकतो. कार्टने दवाखाना, दुकान, बँक गाठता येत असेल तर ती मोठी सोय आहे. फ्लोरिडात परवानगी असलेल्या रस्त्यांवर साधी गोल्फ कार्ट चालवायला प्रौढ माणसाकडे सरकारी फोटो ओळखपत्र असलं तरी चालतं. ताशी २५ मैलांपर्यंत जाणारी 'लो-स्पीड' गाडी असेल तर मात्र लायसन्स लागतं.

दुसरं, आजारपण. अनेकांचा समज असतो की मेडिकेअर आहे म्हणजे सगळं भागेल. पण रोजची अंघोळ, कपडे, जेवण यासाठी लागणारी दीर्घकाळची देखभाल मेडिकेअरमध्ये येत नाही. हॉस्पिटलातून सुटल्यावर नर्सिंग केंद्रातला खर्च मिळतो, पण अटींसह आणि जास्तीत जास्त १०० दिवस. आणि दर हिवाळ्यात पुण्याला किंवा कोल्हापूरला येऊन राहणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं, की मूळ मेडिकेअर साधारणपणे अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही.

नेहमीच्या '५५ प्लस' वसाहतीत मदतनीस किंवा परिचारिका मिळेलच असं नसतं. ती फक्त मोठ्यांची सोसायटी असते. ज्यांना हे सगळं एकाच आवारात हवं त्यांच्यासाठी 'लाइफ प्लॅन' वसाहती आहेत. आधी स्वतंत्र घर, मग मदतीसह राहणं, मग शुश्रूषा, अशा पायऱ्या तिथं असतात. प्रवेश फी मोठी असते आणि गोल्फ बहुधा शेजारच्या कोर्सवर. पण गोल्फ दहा मिनिटांवर आणि डॉक्टर दारात, हा सौदा काहींना जास्त शहाणपणाचा वाटतो.

तिसरं, न खेळणारा जोडीदार. काका रोज सकाळी चार तास कोर्सवर, आणि काकू? पोहणं, चित्रकला, भजन, पत्ते, वाचनालय यातलं तिला आवडेल असं काही आहे का? आणि काका नसतील तेव्हा क्लबची फी भरणं थांबवता येतं का? हे दोन्ही प्रश्न काकूंनी स्वतः विचारायचे.

आपली माणसं, आपलं जेवण

फ्लोरिडातच टवारेस नावाच्या गावात 'शांतिनिकेतन' नावाची वसाहत आहे. ती भारतीय ज्येष्ठांना डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली. तिथं भारतीय शाकाहारी जेवण आणि सणवार हेच आकर्षण आहे, गोल्फ नाही. तिच्यामागचा विचार सोपा आहे, उतारवयात माणसाला आपली भाषा आणि आपलं ताट हवं असतं.

म्हणजे गोल्फची वसाहत घ्यायची नाही असं नाही. पण सर्वात जवळचं भारतीय दुकान किती मैलांवर, महाराष्ट्र मंडळ कोणत्या शहरात, मुलीच्या घरी जायला थेट विमान आहे का, हे कोर्सच्या नकाशाइतकंच बारकाईने बघा.

सही करण्याआधी

आधी भाड्याने राहा, तेही वाईट महिन्यात. फ्लोरिडात ऑगस्ट, ॲरिझोनात जुलै. त्या उकाड्यातही जागा आवडली तर पुढे जायला हरकत नाही. आणि हे प्रश्न लेखी विचारा:

- कोर्सची मालकी कुणाकडे? जमीन गोल्फसाठीच राहील अशी अट नोंदवलेली आहे का?
- सभासदत्व ऐच्छिक की सक्तीचं? सोडता येतं का? पैसे परत कधी मिळतात?
- गेल्या पाच वर्षांत मासिक शुल्क किती वाढलं?
- मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटीकडे शिल्लक किती? जादा वर्गणी कधी काढली होती का?
- गेल्या दोन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं बघायला मिळतील का? भांडणं काय आहेत ते त्यात कळतं.
- जोडीदार, पाहुणे आणि नातवंडांबाबतचे नियम काय?
- सर्वात जवळचं मोठं हॉस्पिटल किती मिनिटांवर?

आपल्याकडेही आता ज्येष्ठांसाठीचे गृहप्रकल्प उभे राहत आहेत. २०२४ मध्ये महारेराने अशा प्रकल्पांसाठी व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, कठडे, न घसरणाऱ्या फरशा अशा किमान गोष्टी ठरवून दिल्या. पण समोरच्या क्लबहाउसची, बागेची आणि मोकळ्या जागेची मालकी कुणाकडे जाणार, हा प्रश्न पुण्यातही तितकाच लागू आहे.

गोल्फ हा घर घेण्याचं उत्तम कारण असू शकतो. फक्त तो एकमेव कारण नसावा. ज्या घरात गोल्फ थांबल्यानंतरही राहावंसं वाटेल, तेच घर गोल्फवेड्याने घ्यावं.

तुमच्या ओळखीतलं कुणी सध्या असं घर शोधत असेल, तर टोकन देण्याआधी ही प्रश्नांची यादी त्यांना नक्की पाठवा.